तिसऱ्या ओळीतली चूक

सरळच सांगतो, मी जळका माणूस आहे. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्यांनी दाराला नवा रंग लावला तरी माझी भूक कमी होते, असं आमची ही म्हणते. बाहेर मात्र मी कधी कबूल केलेलं नाही. आज करतो, कारण ज्या माणसाबद्दल सांगायचंय त्याच्यावर मी बत्तीस वर्षं जळत आलोय, आणि ते लपवून गोष्ट सांगायला गेलो तर दुसऱ्याच वाक्याला पकडला जाईन.

त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. चिडून ठेवलं होतं, पण लोकांनी ते लाडाचं करून टाकलं. माझ्या हातून त्याचं वाईटसुद्धा धड होत नाही, बघा.

तो व्हायोलिन वाजवतो, मी क्लॅरिनेट वाजवायचो. तेवीस वर्षं आम्ही जोडीने लग्नांत वाजवलं. विधीच्या वेळी शांत, मग रिसेप्शनला लोक जेवत असताना हलकंफुलकं, एवढंच आमचं काम. पण या कामातसुद्धा त्याचा संथपणा म्हणजे, काय सांगू! हॉलवर आल्यावर पेटीची एक खिटी उघडायची, तिच्याकडे बघायचं, मग दुसरी उघडायची. आतला रुमाल काढून त्याच्या चार घड्या करायच्या. गजाला रोझिन, म्हणजे राळ, लावायचं, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू भिंत रंगवतोय. फोन वाजला की तो पूर्ण वाजून थांबेपर्यंत हा खिसा चाचपणार आणि मग म्हणणार, "कुणाचा होता बरं?" रस्ता ओलांडताना लांबची गाडी जवळ येऊन, समोरून जाऊन, दिसेनाशी झाली की मग याचं पाऊल उचलणार. मी तोवर पलीकडच्या फुटपाथावर उभा राहून बोटं मोडत असायचो.

त्यात त्याची एक खोड होती. कुठलीही चाल सुरू करायच्या आधी गज तारेवर ठेवून माझ्याकडे बघायचा आणि हळूच विचारायचा, "घेतलास?" म्हणजे श्वास. मी मान हलवली की मगच सुरू. तेवीस वर्षं, प्रत्येक चालीच्या आधी. मी म्हणायचो, अरे बाबा, मी श्वास घेऊनच जन्माला आलोय, तू वाजव! तो हसायचा, आणि पुढच्या चालीला परत, "घेतलास?"

आणि एवढं असून लोकांना आवडायचा तोच. समारंभ संपला की नवरीची आई, मावशी, आत्या, सगळ्या माझ्यासमोरून चालत जाऊन त्याचा हात हातात घ्यायच्या. काय वाजवलंत हो, डोळ्यांत पाणी आणलंत. माझा हात कोण घेणार? क्लॅरिनेटवाला त्या वेळी वाद्य उलटं धरून आतली थुंकी झटकत असतो. फोटोतही तेच. व्हायोलिन हनुवटीखाली धरलं की माणूस विचारी दिसतो. माझे डोळे प्रत्येक फोटोत बाहेर आलेले. शेवटी मी एक युक्ती केली. कुठल्याही हॉलमध्ये गेलो की दाराजवळची खुर्ची, म्हणजे त्याच्या डाव्या हाताची, आधी पटकावायची आणि चांगली पुढे ओढून बसायचं. येणाऱ्याला आधी मी दिसलो पाहिजे. त्याला भिंतीकडे सरकून बसावं लागायचं. तो सरकायचा. तरी माझा जळफळाट कमी झाला नाही, कारण लोक मला वळसा घालून त्याच्याकडे जायचे.

माझी लेकसुद्धा त्यातलीच. लहान असताना सरावाच्या वेळी ती त्याच्या पायाशी बसायची, कारण तो तिला गजाला रोझिन लावू द्यायचा. माझ्याकडे काय होतं? क्लॅरिनेटची रीड, म्हणजे फुंकायची पातळ पट्टी, तोंडात धरून ओली करायची असते. त्यात पोरीला कसली गंमत?

आम्ही सराव स्वयंपाकघरात करायचो, तिथे आवाज छान घुमायचा. तिथेच आम्ही एक चाल बांधली. नवरी दारातून आत येते तिथपासून ती पुढे पोचेपर्यंतच्या वेळासाठी. चार ओळींची, फिरून फिरून वाजवता येईल अशी. पहिल्या दोन ओळी त्याच्या, पुढच्या दोन माझ्या. तिसरी ओळ माझा अभिमान. खालून निघून चढत चढत जाते, लांबच लांब, आणि ती मी एका दमात वाजवायचो. दुसऱ्या बँडचे क्लॅरिनेटवाले ऐकायला थांबायचे त्या ओळीसाठी.

पुढे पुढे तो दम पुरेना. हे मी कुणालाही सांगितलं नाही, डॉक्टरला नाही, बायकोलाही नाही. ओळीच्या मधोमध एक चोरटा श्वास घ्यायला लागलो. कुणाला कळायचं नाही. मला वाटायचं, व्हायोलिन चालूच असतं, त्याच्या आडून मी घेतो आणि परत सुरात शिरतो. स्वतः श्वास ओढताना माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही, छातीचाच आवाज कानात भरतो. शेवटची चार-पाच वर्षं मी अशीच काढली आणि आपण किती हुशार म्हणून मनात खूश होतो.

मग नऊ वर्षांपूर्वी आमचं फाटलं. एका मोठ्या हॉलच्या मॅनेजरने त्याला एकट्याला रोज संध्याकाळी वाजवायला बोलावलं. हे सांगायला तो घरी आला. दारात उभा राहून म्हणाला, "मॅनेजर म्हणतोय एकटा ये." मग तो थांबला. त्याच्या दोन वाक्यांच्या मध्ये चहा उकळून होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "जा की मग! वाट कसली बघतोस?" आणि दार लावलं. दुसरं वाक्य त्याने दाराला सांगितलं असेल तर मला माहीत नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी मी जिन्यात घसरलो आणि वरचे समोरचे दोन दात गेले. क्लॅरिनेट धरायला तेच दात लागतात. आता कवळी आहे. कवळी लावून वाजवलं की वाद्य बदकासारखं ओरडतं आणि कवळी हलते. तेव्हापासून मी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानात बसतो. दुसऱ्यांच्या क्लॅरिनेटची झिजलेली पॅड बदलायची, स्प्रिंगा बसवायच्या, बुचाला ग्रीस लावायचं. दुरुस्त झालेलं वाद्य तपासायला फुंकून बघायचं काम मालक करतो. मी तेवढा वेळ मागे जाऊन हात धुतो.

तर, या वर्षी लेकीचं लग्न ठरलं.

लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. स्वभाव तसाच, प्रत्येक गोष्ट दोनदा लावून बघणार, हे बरं दिसतं की ते? लग्नाचं संगीत निवडायला तिने तेच केलं. वही काढली आणि म्हणाली, "बाबा, रेकॉर्ड लावायची नाही. माणसं वाजवणारी हवीत. विधीला वेगळी, रिसेप्शनला वेगळी. तुम्ही माझ्याबरोबर ऐकायला चला. एवढी वर्षं यात काढलीत, तुम्हाला कळेल तेवढं मला नाही कळणार."

माझी मान लगेच ताठ झाली. रिसेप्शनचा प्रश्न लवकर सुटला. जावयाच्या ऑफिसातल्या चौघांचा बँड होता, ड्रम, दोन गिटार आणि गाणारी एक मुलगी. मी म्हटलं, "नाचायला बरे आहेत, फक्त त्या ड्रमवाल्याला जेवण आधी द्या म्हणजे तो जरा जड होईल." लेक हसली, वहीत खूण केली. विधीसाठी मात्र आम्ही तीन रविवार फिरलो. एक गाणारा आला, तो माइक गिळतो की काय असं वाटलं. एका ठिकाणी पाच जणांचं पितळी वाद्यांचं पथक होतं. ऐंशी माणसांच्या हॉलमध्ये ते वाजलं असतं तर खिडक्या नव्याने बसवून घ्याव्या लागल्या असत्या. मी दोघांनाही नापास केलं. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या रविवारी लेक मला एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत घेऊन गेली. जिन्यात साबणाचा वास, वर गेलं तर फरशी खालच्या यंत्रांनी कोमट. खोलीत सेलो, ते उभं धरायचं थोरलं व्हायोलिन, घेतलेली एक पंचविशीची मुलगी बसली होती, एक गिटारवाला होता, आणि खिडकीपाशी एक जण पाठमोरा उभा राहून रुमालाच्या चार घड्या करत होता.

माझे पाय जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले. "हे काय आहे?" मी लेकीला विचारलं.

"बाबा, ऐका तर आधी."

सावकाश वळला. अजून काटक, केस पांढरे पण सगळेच्या सगळे जागेवर. दातही स्वतःचे. मला आधी तेच दिसले. "ये," तो म्हणाला आणि त्याने माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

त्यांनी आमची चाल वाजवली. माझी चाल! माझ्या ओळी त्या सेलोवालीच्या हातात! समोरचे दात असते तर आवळले असते. मी जबडा दाबून, श्वास कोंडून ऐकत होतो, चूक शोधत होतो, आणि देव आहे म्हणायचा, चूक सापडली. तिसऱ्या ओळीच्या मधोमध त्याने गज उचलला. अगदी स्पष्ट. ओळ तुटली, क्षणभर खोलीत नुसती खालच्या यंत्रांची घरघर, मग पुढे सुरू.

चाल संपली तेव्हा मी टाळ्या नाही वाजवल्या. "तिसरी ओळ मोडलीस," मी म्हटलं. नऊ वर्षांनी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. "ती एका दमात जाते. व्हायोलिनला काय धाप लागते का?"

सेलोवाली मुलगी उत्साहाने म्हणाली, "आम्ही पण हेच सांगून थकलो! ऐकतच नाहीत. वर आम्हालाही तिथे थांबायला लावतात."

सावकाशने गज मांडीवर ठेवला. "तिथे थांबायचं असतं," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

तो विचार करू लागला. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो, एक, दोन, तीन, चार. मग माझं डोकं फिरलं आणि मी जिना उतरून चालू पडलो.

घरी येऊन मी जाहीर केलं. "तो वाजवणार असेल तर मी तुझ्याबरोबर दारातून चालत येणार नाही. मागच्या खुर्चीत बसेन पाहुण्यासारखा."

लेकीने चष्मा काढून पुसला. रागावली की ती तेच करते. "मला ती चाल हवी आहे, बाबा. मी त्या चालीवर ओट्याखाली बसून वाढलेय. तुम्ही वाजवू शकला असतात तर मी दुसऱ्या कुणाकडे गेलेच नसते. आणि तुम्हाला चालत यायचं नसेल तर राहू दे. मी एकटी येईन."

'वाजवू शकला असतात तर' हे माझ्या इतकं वर्मी लागलं की मी दोन दिवस कवळी काढूनच बसलो, कुणाशी बोलावं लागू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी बायकोने ताट आणून आदळलं. "त्या भाऊजींनी ते एकट्याने वाजवायचं काम घेतलंच नव्हतं," ती म्हणाली. "मॅनेजरला नाही सांगून मग ते तुम्हाला सांगायला आले होते. मला त्यांच्या बायकोने तेव्हाच सांगितलं. तुमच्यापुढे त्यांचं नाव काढायची सोय होती का? आणि ऐका, लेक एकटी चालणार नाही. तुम्ही नाही गेलात तर मी भाऊजींनाच सांगेन तिला हात धरून आणायला. वाजवत वाजवत आणतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवे बूट घेऊन आलो. लेकीने ते बघितले आणि वहीत एक खूण केली. पण म्हणून माझं पोट दुखायचं थांबलं असं कुणी समजू नये. उलट तो चांगला निघाला म्हणून जास्तच दुखायला लागलं. काम घेतलं असतं तर मला निदान राग तरी धरता आला असता. आता माझ्याकडे त्याच्याविरुद्ध एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे तिसऱ्या ओळीतली चूक. ती मी जिवापाड जपली.

ज्याला त्याला सांगत सुटलो. दुकानाच्या मालकाला सांगितलं, शिंप्याला सांगितलं, पत्रिका वाटायला गेलो तिथे तिथे पत्रिकेबरोबर चूकही वाटली. सगळ्यांत मनावर घेतलं ते विहीणबाईंनी. बाई हौशी, हजरजबाबी, आणि दुसऱ्याची उणीव दिसली की डोळे चमकणाऱ्या. आमचं तिथेच जमलं. लेकीच्या फोनवर त्या खोलीतलं रेकॉर्डिंग होतं, ते मी त्यांना तीनदा ऐकवलं. "आता बघा, चढतंय, चढतंय... हं! तुटलं!" तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याआधी बोट वर केलं. "अहो व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "मला आता ते ऐकू आल्याशिवाय राहायचंच नाही!" मला शिष्य मिळाल्याचा आनंद झाला.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात मी आणि लेक उभे होतो. तिचा हात माझ्या हातात. आत ऐंशी माणसं वळून आमच्याकडे बघत होती. समोर, डावीकडच्या कोपऱ्यात, तिघं वाजवणारे. सावकाशने गज तारेवर ठेवला.

आणि तो सुरूच करेना.

लोक बघतायत, फोटोग्राफर गुडघ्यावर बसलाय, विहीणबाई पहिल्या रांगेत घड्याळ बघतायत, आणि हा पठ्ठ्या गज टेकवून माझ्याकडे बघत बसलाय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आज तरी? माझ्या पोरीच्या लग्नात तरी? त्याच्या भुवया जरा वर गेल्या, ओठ हलले. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, ऐकायची गरजही नव्हती. सवयीने माझी छाती भरली. त्याने गज ओढला.

आम्ही चालायला लागलो. पहिलं आवर्तन. तिसरी ओळ चढली, आणि मधोमध तुटली. पुढे विहीणबाईंची मान गर्रकन माझ्याकडे वळली, डोळे लकाकत होते. मीही डोळ्यांनीच उत्तर दिलं, सांगितलं नव्हतं? त्या क्षणी मी खरंच सुखी होतो. लेकीच्या लग्नात बाप ज्या कारणाने सुखी असावा ते कारण हे नव्हतं, एवढंच.

दुसरं आवर्तन सुरू झालं. लेक माझ्याकडे झुकून पुटपुटली, "बाबा, बोटं."

मी खाली बघितलं. माझी बोटं तिच्या मनगटावर क्लॅरिनेट वाजवत होती. आपोआप. दोन वर्षं वाजवलं नव्हतं तरी एकही जागा चुकत नव्हती. "टोचतायत," ती म्हणाली, पण हात काढून घेतला नाही. मी थांबवायचा प्रयत्न केला, बोटं थांबेनात. तिसरी ओळ आली. खालून निघाली, चढली, चढली, आणि माझं तोंड उघडलं आणि श्वास आत गेला. माझा. चोरटा. आणि ज्या क्षणी तो आत जात होता त्या क्षणी हॉलमध्ये एकही सूर नव्हता. मी श्वास पुरा केला, तेव्हा गज खाली आला.

मी वाजवणारा माणूस आहे, समजायला मला वेळ लागला नाही. दोन वाद्यांतलं एक ओळीच्या मध्ये गप्प झालं आणि दुसरं चालू राहिलं, तर ऐकणाऱ्याला कळतं, हा दमला. दोन्ही एकदम थांबली तर वाटतं, चालच अशी आहे. म्हणजे मी त्याच्या आडून काहीही लपवलेलं नव्हतं. त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याने मला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही, फक्त माझ्याबरोबर गज उचलायला लागला. आणि पुढे मी दार लावून घेतलं, नऊ वर्षं गेली, माझे दात गेले, तरी तो तिथे थांबतच राहिला. त्या बिचाऱ्या सेलोवालीलाही थांबायला लावलं.

कसा चालत पुढे पोचलो ते आठवत नाही. लेकीचा हात जावयाच्या हातात दिला आणि विहीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. तिसरं आवर्तन चालू होतं. ते दोघं एकमेकांसमोर उभे राहीपर्यंत सावकाश चाल लांबवत होता, लेकीच्या पायांकडे बघत, आम्ही पूर्वी बघायचो तसा. ओळ चढायला लागली तशी विहीणबाईंनी मला कोपर मारलं. जागा आली तशी त्यांनी बोट वर केलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "आली बघा त्याची चूक!"

"ती त्याची नाही," मी म्हटलं. "माझी आहे."

"म्हणजे?"

 त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पर्स उघडली आणि रुमाल दिला. बाई वाईट नाही.

रिसेप्शनला तो चौघांचा बँड जोरात सुटला. ड्रमवाल्याला आधी जेवण द्यायचं सगळे विसरले होते. लेक नाचत होती, आमची हीसुद्धा विहीणबाईंना ओढून घेऊन गेली. सावकाश एका बाजूच्या टेबलाशी एकटाच ताट घेऊन बसला होता, एकेक घास चावत. त्याच्याभोवती नेहमीसारख्या दोन मावश्या येऊन गेल्या, हात हातात घेऊन गेल्या, डोळ्यांत पाणी आणलंत म्हणून गेल्या. ते बघून माझ्या पोटात दुखलं. दुखायचंच ते, आता या वयात काय थांबणार. पण या वेळी जळफळाट वेगळ्याच गोष्टीचा होता. या माणसाला माझा श्वास ठाऊक होता, आणि मला त्याच्याबद्दल काय ठाऊक होतं? रुमालाच्या चार घड्या आणि फोनचा खिसा. टिंगल करण्यापुरतं सगळं पाठ, बाकी शून्य.

मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. माफी वगैरे मला मागता येत नाही, कधी शिकलोच नाही.  मग विचारलं, "वाजवताना तुझं कधी काही दुखायचं का रे?"

त्याने घास गिळला. पाणी प्यायला. पेला खाली ठेवला, मग तो सरळ केला. बँडचं एक अख्खं गाणं संपून दुसरं सुरू झालं. या खेपेला मी थांबलो.

"डावा खांदा," तो म्हणाला. "पहिल्यापासून. कोपर मोकळं करायला जागा मिळाली नाही की फार दुखायचा."

तेवीस वर्षं, प्रत्येक हॉलमध्ये, त्याच्या डाव्या हाताची खुर्ची मी पुढे ओढून बसलो होतो. आत्ताही तिथेच बसलो होतो. मी उठलो, खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे, त्याच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवली.